उत्तरेच्या भिंतीपाशी याकूब सर

मी शेतकीचा पदवीधर आहे, ही गोष्ट याकूब सरांनी आठ वर्षांच्या सहवासात एकदाही काढली नाही. आजवर लोकांनी मला बरेच टोमणे मारले, पण याच्याइतका लागलेला एकही आठवत नाही.

आमची शाळा भातकुलीच्या पुढे, खारपाण पट्ट्यातल्या एका गावात. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारट की त्यात चहा केला तर दूध फाटायचं. पिण्याचं गोडं पाणी नळयोजनेचं. ते तीन-चार दिवसांनी यायचं आणि शाळेमागच्या सिमेंटच्या टाकीत साठवलं जायचं. अकोल्याला शेतकी शिकून, पुढे बी.एड. करून मी तिथं विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि रोज अमरावतीहून एसटीनं जायचो. याकूब सर तेव्हा पन्नाशीत होते. हिंदी आणि चित्रकला शिकवायचे. बुटके, सडपातळ, शर्ट नेहमी पांढरा आणि पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर मातीचे दोन गोल. मुख्याध्यापकांनी त्या गोलांबद्दल त्यांना लेखी समज दिली होती म्हणतात. त्यांनी ते पत्र घडी करून त्याची बी ठेवायची पुडी केली.

शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पुड्याच असायच्या. वर्गात एखाद्या पोराची वही तपासायला वाकले की एखादी पुडी खाली पडायची आणि अख्खा वर्ग बाकाखाली शिरून बिया वेचायचा. त्या तासाला हिंदीचं फारसं काही होत नसे. पण हिंदीत आमच्या शाळेचा निकाल माझ्या विज्ञानापेक्षा नेहमी चांगला लागायचा, हेही इथं सांगून टाकतो.

रुजू होऊन महिना झाला नसेल, मी मुख्याध्यापकांना म्हटलं, शाळेसमोर बाग करू. समोरची जागा भर उन्हाची, सपाट, रस्त्यावरून दिसणारी. मी पोरांकडून गोल आळं आखून घेतलं, विटा तिरप्या लावून त्यांना गेरू-चुना दिला, झेंडू आणि झिनियाची रोपं आणली आणि प्रत्येक ओळीपुढे शास्त्रीय नावाची पाटी रोवली. पाट्या मी स्वतः रंगवल्या होत्या. पाणी अर्थातच बोअरचं. तीन आठवड्यांत मातीवर पांढरा थर चढला, पापडखार सांडल्यासारखा. पानांच्या कडा जळाल्या, मग पानं गेली, मग झाडं गेली. पाट्या राहिल्या. पुढे दोन वर्षं आमची पोरं मेलेल्या झाडांची लॅटिन नावं बिनचूक म्हणत होती.

या सगळ्या काळात याकूब सर हातात बादली घेऊन रोज त्या आळ्यावरून जायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. शेवटचा झिनिया वाळला त्या दिवशी मात्र थांबले.

"वानखडे सर, पाट्या मस्त झाल्या," ते म्हणाले. "अक्षर चांगलं हाय तुमचं."

मी वाकून कललेली एक पाटी सरळ केली.

"मांगं येता का जरा? घाई तर नाही ना?"

मागे म्हणजे शाळेच्या उत्तरेच्या भिंतीला. ती जागा मला माहीत होती. एका बाजूला भिंत, दुसरीकडे पाण्याची टाकी, वर कडुनिंब. सकाळी तासभर उन्हाची एक पट्टी यायची, बाकी दिवसभर सावली. पोरं तिथं हात धुवायची, खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाई तिथं गंज, म्हणजे खिचडीची मोठी पातेली, घासायच्या, आणि जमीन कायम ओली. शेवाळ, बेडूक, डास. आल्या आल्या मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला होता की आरोग्याच्या दृष्टीनं तिथं सिमेंट टाकून घ्यावं. अर्जाच्या खाली पदवीसह सही केली होती.

त्या भिंतीलगत वीस हात लांबीचा वाफा होता आणि तो गच्च फुललेला होता. गुलाबी, पांढरा, लाल तेरडा. त्याला सर गुलमेंदी म्हणायचे. त्याच्या पायाशी बुटकं एक झाड, निळ्या फुलांचं, मधे पिवळा ठिपका. मागे भिंतीला लाल-हिरव्या चट्ट्यांच्या पानांचा कोलियस. मी त्या निळ्या फुलाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि मला ते आठवलं नाही. नंतर पुस्तकात पाहिलं, टोरेनिया.

"याचं नाव काय, सर?" मी विचारलं.

"नाव मले माहीत नाही. त्याचं काही अडलं नाही अजून."

त्या वाफ्यामागची मेहनत मला हळूहळू कळली. आमच्याकडची काळी माती ओली झाली की मुळांचा गळा धरते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते. म्हणून सरांनी वाफा वीतभर उंच केला होता. खाली विटांचे तुकडे, वर रेती, शेणखत आणि थोडीच काळी माती. पाणी टाकीतून एक थेंबही घ्यायचं नाही, कारण ते पोरांच्या पिण्याचं. वाफ्याला फक्त एकदा वापरलेलं गोडं पाणी: हात धुतलेलं, तांदूळ धुतलेलं आणि गंजांचं शेवटच्या विसळणीचं. राखेनं घासलेलं पहिलं पाणी दुसरीकडे जावं म्हणून त्यांनी दोन नाल्या काढल्या होत्या. मधे एक वीट. वच्छलाबाई पायानं ती वीट इकडची तिकडे करायच्या आणि पाणी वळायचं. सर दुपारच्या नमाजाआधी तोंड-हात धुवायचे तेही वाफ्याच्या कडेला बसून. "हे पाणी एकदा कामाले आलं," म्हणायचे, "आता दुसऱ्यांदा येऊन राहिलं."

मीही शिकायचं ठरवलं. पावसाळ्याच्या शेवटी सरांनी मला सिनेरारियाचं बी दिलं. हिवाळ्यात सावलीत फुलणारं हे झाड. बी इतकं बारीक की श्वास सोडला तर उडून जावं. मी कुंड्या भरल्या, पट्टीनं मोजून इंचभर खोल ते बी टाकलं आणि वरून माती दाबली. पंधरा दिवस झाले, काही दिसेना. सर येऊन उकिडवे बसले, बोटानं माती उकरून पाहिली.

"वानखडे सर, हे पेरलं का पुरलं?"

ते बी रेतीत मिसळून नुसतं वर भुरभुरायचं असतं, झाकायचं नसतं. हे माझ्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होतं. प्रश्न आला होता, आणि मी उत्तर बरोबर लिहिलं होतं.

एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. मी बीजप्रसाराचा पाठ घ्यायचं ठरवलं. तेरड्याचं फळ हातात धरून हलकं दाबलं की ते फटकन फुटतं, सालीच्या गुंडाळ्या होतात आणि बिया उडतात. पोरांना हे पाठच होतं. मी एक टपोरं हिरवं फळ साहेबांसमोर धरलं, स्फोटाचं शास्त्रीय कारण सांगितलं आणि दाबलं. काही झालं नाही. जरा जोरात दाबलं. ते चिरडून माझ्या बोटांना चिकटलं. दुसरं घेतलं, तेही तसंच. पोरं माझ्याकडे दयेनं पाहत होती.

मागे खिडकीशी उभे असलेले याकूब सर पुढे आले. "साहेब, आमची फळं कच्ची असली का बुजतात," असं म्हणून त्यांनी खिशातून एक पिवळट फळ काढलं, साहेबांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं स्वतःच्या हातानं हळूच मिटवली. फट्. साहेब दचकून मागे सरले, हात झटकला, आणि मग असे हसायला लागले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'विज्ञान अध्यापन उत्साही.' तो शेरा माझ्या नावावर लागला. सरांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मंग काय, तुमीच तर दाबलं ना आधी."

आता जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही, पण त्यातही मी आहे, म्हणून थोडं हसू येईलच.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती. दर आठवड्याला पेपरात जवळपासच्या एखाद्या गावचं नाव यायचं, आणि स्टाफरूममध्ये आम्ही ते पान उलटून ठेवायचो. सरकारनं शिक्षकांना एक प्रशिक्षण दिलं. गावात कोणी खचलेलं दिसलं तर त्याच्याशी कसं बोलावं याचं. दोन दिवस, जेवणासह. शेवटी प्रत्येकाला बारा प्रश्नांचा एक फॉर्म मिळाला. शाळेतर्फे मी गेलो होतो, कारण मी उत्साही होतो.

वच्छलाबाई तेव्हा चाळीशीच्या असतील. चार एकर कोरडवाहू, लागोपाठ दोन वर्षं हाती काही आलं नव्हतं. नवरा कामाला सुरतेला गेला होता. सुरुवातीला गावातल्या दुकानात फोन यायचा, मग तोही बंद झाला. मुलगी शेंदूरजनाघाटला दिलेली. घरात त्या आणि सासू, आणि सासूही बरेचदा तिच्या लेकीकडे. बाई मूळच्या बोलक्या. गंज घासता घासता अख्ख्या गावाची खबर द्यायच्या. त्या हिवाळ्यात त्या बोलेनाशा झाल्या.

माझ्या ते लक्षात आलं याचा मला अभिमान वाटला. मी फॉर्म काढला, खिचडीच्या खोलीत गेलो, त्यांच्यासमोर डब्यावर बसलो आणि प्रश्न वाचायला लागलो.

"बाई, एकटं बसावंसं वाटतं का?"

"घरी दुसरं हाय कोण, सर?"

"जेवण कमी झालं आहे का?"

"जेवण माह्याच हातचं हाय. दीडशे पोरं खाऊन राहिले. कमी कायले होईन?"

असं करत मी अकरा खुणा केल्या. सातवा प्रश्न होता, घरात फवारणीचं औषध हाताशी आहे का. तो मला भलताच वाटला. एका बाईला असं कसं विचारायचं? मी न विचारता 'नाही'वर खूण केली. शेवटी बेरीज केली आणि खाली लिहिलं, धोका नाही. बाईंनी मला चहा दिला.

आठ-दहा दिवसांनी, सोमवार होता, बाई आल्या नाहीत. मदतनीस बाईनं खिचडी केली. मधल्या सुट्टीत याकूब सर वाफ्याशी उभे होते. सिनेरारिया नुकता कळ्यांवर आला होता. त्यांनी मला बोलावलं.

"शनवारी वच्छलाबाई मले म्हणे, सर, ती वीट आता तुमीच फिरवत जा." त्यांनी पायानं ती वीट सरकवली. "मी हो म्हणलं. काहून हो म्हणलं कोणजाणे."

"सुट्टी हवी असेल त्यांना," मी म्हणालो. "मी फॉर्म भरला आहे त्यांचा. ठीक आहेत त्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माह्या वर्गावर बसा," म्हणाले, आणि लुना काढून गेले. शाळा सुटायच्या आत निघून जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

शाळा सुटल्यावर मीही बाईंच्या घरी गेलो. फॉर्म बरोबर घेतला होता. सर ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, हातात कप. बाई दाराच्या चौकटीत, पदर तोंडाशी, डोळे सुजलेले. सर त्यांना सिनेरारियाबद्दल सांगत होते, की कळी आल्यावर पाणी कमी करावं की नाही याचा त्यांना अजून अंदाज नाही. त्यावर बाई काही बोलत नव्हत्या. सरांनाही उत्तराची घाई नव्हती. कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, अजून एक कप होईन का? गोड जास्त टाका."

बाई आत गेल्या. सर हळू आवाजात मला म्हणाले, "पोरीले फोन केला दुकानातून. रातपर्यंत येते म्हणे." मग बाई चहा घेऊन आल्यावर मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुमच्या घरी फवारणीचं औषध असन तर मले पाह्यजे. झाडाले लय मावा लागला."

बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि एक डबा आणून ओट्यावर ठेवला.

"अजून?"

त्या पुन्हा गेल्या आणि एक बाटली आणली.

"वानखडे सर, हे शाळेत न्या. तुमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात टाका, कुलूप लावा अन् चाबी मले द्या."

आता मी काय करायला हवं होतं? गुपचूप उचलून निघायला हवं होतं. मी लेबल वाचलं. म्हणालो, "सर, मावा? मला तर दिसला नाही. आणि फुलझाडांना हे औषध चालणार नाही. मात्रासुद्धा जास्त होईल." आणि मी, त्या बाईंच्या दारात उभा राहून, रसशोषक किडींवर दोन मिनिटं बोललो. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. "तुमी न्या तर," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन वाफ्यात बसलो. पानांच्या मागच्या बाजू, कोवळे शेंडे, कळ्यांचे देठ, सगळं तपासलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन सर्वांसमोर सरांना सांगितलं की एकाही पानावर मावा नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. "पण कपाट उघडू नका."

पुढच्या सोमवारी एसटीत बॅग आवरताना तो फॉर्म हाताला लागला. मी तो सहज वाचत होतो आणि सातव्या प्रश्नाशी थांबलो. न विचारता केलेली माझी ती खूण, ठसठशीत, निळ्या शाईची. शाळेचा थांबा आला तरी मी सीटवरच बसून होतो. कंडक्टरनं दोनदा विचारलं, उतरायचं आहे का. मावा नव्हता हे सरांना माझ्याआधी माहीत होतं. आयुष्यात त्यांनी त्या वाफ्यावर कधीच काही फवारलं नव्हतं.

मी त्यांना गाठून म्हटलं, "सर, मला आत्ता कळलं."

"कळलं ना? झालं मंग." आणि त्यांनी माझ्या हातात बादली दिली.

वच्छलाबाईंची मुलगी पंधरा दिवस राहिली आणि त्यांना शेंदूरजन्याला घेऊन गेली. महिनाभरानं त्या परत आल्या, खिचडीवर रुजू झाल्या. नवरा पुढच्या दिवाळीनंतर आला, हाताला मोठी जखम झाली म्हणून इतके महिने तोंड दाखवलं नाही म्हणाला. फार काही बदललं नाही, शेतही सुधारलं नाही. पण बाई पुन्हा बोलायला लागल्या. बऱ्याच दिवसांनी एकदा गंज विसळता विसळता स्वतःहूनच मला म्हणाल्या, "त्या दिवशी सरांनी माह्या घरची साखर संपवली, पाच वेळा चहा मांगतला. मले वाटे, हा माणूस आता जाईन, मंग जाईन. तो जायेच ना. अन् मंग पोरगी येऊन टेकली." मग पायानं वीट सरकवून म्हणाल्या, "तुमी बी बोलले बरंच काही. आवाज येत होता."

याकूब सर निवृत्त झाले आणि मुलाकडे अकोल्याला गेले. निरोपसमारंभाला मुख्याध्यापकांनी वाफ्यातली फुलं कापून हार करायला सांगितला होता. सरांना कळलं तसे ते सकाळीच येऊन वाफ्यासमोर खुर्ची टाकून बसले. हार शेवटी बाजारातून आणला. वाफा मी पुढे चालवला. पहिल्या वर्षी पाणी जास्त झालं आणि निम्मा तेरडा देठातून सडला. सरांना पत्रानं कळवलं. उत्तर आलं: 'निम्मा वाचला हे वाचून आनंद झाला.'

मग तीन-चार वर्षांनी विद्यापीठात एका प्रशिक्षणासाठी अकोल्याला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. ती शेवटची भेट. जुन्या शहरातली अरुंद गल्ली, घराला अंगण नाही. पण त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या भिंतीमध्ये अडीच फुटांची एक फट होती आणि वर दोन्ही घरांच्या टाक्या ठिबकत होत्या. ती फट त्यांनी शोधून काढली होती. रंगाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यात सिनेरारिया लावला होता, आणि तो फुलला होता. सर थकले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते नीट झालं नव्हतं, दुसऱ्यात मोतीबिंदू. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. गुडघ्यांवर मातीचे गोल तेवढे जागच्या जागी होते.

एक डबा उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला. "वानखडे सर, याचा रंग कोणता आला?"

"जांभळा. मधे पांढरं कडं."

"जांभळा? मले निळं वाटून राहिलं."

"जांभळाच, सर. पेशीरसाच्या आम्लतेनुसार त्यात..." असं सुरू करून मी बराच वेळ बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाले.

सुनेनं चहा दिला, इकडचं तिकडचं झालं, मी निघालो. ते दारापर्यंत आले. गल्लीच्या टोकाला माझा ऑटो एका हातगाडीमागे अडकला म्हणून मी मागे वळून पाहिलं. सरांनी तो डबा बाहेर पायरीवर आणून ठेवला होता आणि भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईंना थांबवलं होतं. त्या वाकून फूल पाहत होत्या. काहीतरी बोलल्या. सरांनी कान पुढे करून पुन्हा विचारलं, त्या पुन्हा बोलल्या. मग सरांनी मान हलवली, डबा उचलला आणि आत गेले.

त्या बाईंनी कोणता रंग सांगितला, ते मला ऐकू आलं नाही.